सीफर्ड ते ईस्टबोर्न: सेव्हन सिस्टर्सच्या कड्यांवरून दिवसभराची पायपीट, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिल उजाडला की आमच्या ग्रुपवर कोणीतरी इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या या पांढऱ्या कड्यांचा फोटो टाकतं आणि खाली प्रश्नांची माळ लागते. ट्रेन कुठून, किती चालायचं, टॉयलेट आहे का, आईबाबा आलेत इंडियाहून त्यांना झेपेल का. हा वॉक मी आतापर्यंत पाचदा केलाय, त्यातला एकदा अर्धवट सोडला आणि एकदा असल्या धुक्यात की समोरच्याची सॅक सोडून काही दिसलं नाही. तेव्हा जे ठाऊक आहे ते एकदाच लिहून टाकतोय, पुढच्या वेळी फक्त लिंक पाठवणार.

हे नक्की आहे कुठे? डोव्हरचे पांढरे कडे ते हेच ना?

नाही. डोव्हर केंटमध्ये, हे ईस्ट ससेक्समध्ये, ब्रायटनच्या पूर्वेला. सिनेमावाले मात्र डोव्हर दाखवायचं असलं की बऱ्याचदा इथेच येऊन शूट करतात, कारण इथे कड्यांवर बांधकाम जवळजवळ नाही आणि पांढरा रंग जास्त स्वच्छ दिसतो. त्यामुळे तुम्ही आयुष्यभर डोव्हर म्हणून जे बघितलंय ते हेच असायची शक्यता बरीच आहे. सगळा भाग साउथ डाउन्स नॅशनल पार्कात येतो, हे पार्क तसं नवीन, २०१० सालचं.

सात बहिणी का म्हणतात?

समुद्राकडून बघितलं तर ओळीने सात टेकाडं, मध्ये मध्ये खोलगट दऱ्या, आणि पुढची बाजू सुरीने केक कापावा तशी सरळ कापलेली. या दऱ्या पूर्वीच्या पाण्याने कोरलेल्या, आता कोरड्या, आणि समुद्राने किनारा खात खात त्यांना मध्येच छाटून टाकलंय म्हणून वरची कड अशी लाटेसारखी दिसते. पश्चिमेकडून पहिली हेवन ब्राऊ, तीच सगळ्यात उंच, ७७ मीटर. मग शॉर्ट ब्राऊ, रफ ब्राऊ, ब्रास पॉइंट वगैरे करत शेवटची वेंट हिल. गंमत म्हणजे चालताना मोजलं की आठ भरतात, मध्ये फ्लॅट हिल नावाचं एक टेकाड आहे ज्याला बहीण म्हणून कोणी धरत नाही. आमच्यात दर वेळी यावरून वाद होतो. आपल्याकडे सातभाई पक्षी सात नसले तरी सातभाईच, तसंच समजा आणि पुढे चला. एका मैत्रिणीने पहिल्यांदा नाव ऐकल्यावर साती आसरांची आठवण काढली होती, पाण्याकाठच्या सात जणी, जवळ गेलं की ओढून नेणाऱ्या. खाली कड्याच्या कडेबद्दल लिहिलंय ते वाचलंत की कळेल की ती फार चुकीचं बोलली नव्हती.

एकूण किती चालायचं?

सीफर्ड स्टेशन ते ईस्टबोर्न स्टेशन २२ किलोमीटरच्या आसपास. थांबत, खात, फोटो काढत सात तास धरा, आमच्यासारखा चहाबाज ग्रुप असेल तर आठ. एवढं नको असेल तर बसने एक्सीटला (मध्ये नदीवरचा पूल लागतो ती जागा) उतरून तिथून ईस्टबोर्नपर्यंत साधारण १३ किलोमीटर होतात, आणि बहिणी सगळ्या मिळतात. पण मग सीफर्ड हेडवरून दिसणारा तो कॅलेंडरवाला नजारा हुकतो, आणि खरं सांगायचं तर बहिणींवरून चालताना बहिणी दिसत नाहीत, फक्त गवताचा चढ दिसतो. त्या दिसतात त्या सीफर्डच्या बाजूनेच.

मी राजगड-तोरणा केलाय, ७७ मीटर म्हणजे काय आमच्या सोसायटीच्या मागची टेकडी, एवढं काय?

हा प्रश्न दर वर्षी एक तरी पुणेकर विचारतो, आणि चौथ्या बहिणीवर तोच सगळ्यात मागे असतो. उंची नाही मारत, वर-खाली मारतं. चढलात की लगेच उतरा, उतरलात की लगेच चढा, आणि उतार गवताचा, पायऱ्या नाहीत, पावसाने ओला असला तर साबण. सह्याद्रीत एकदा माथ्यावर पोचलं की सुटलो म्हणता येतं, इथे माथा आठ वेळा येतो. दिवसभराची चढाई बेरीज केली तर पाचशे मीटरच्या वर जाते. आणि बहिणी संपल्यावर शेवटी बीची हेड येतं ते १६२ मीटर, म्हणजे सगळ्यात मोठा चढ पाय गळाल्यावर. टेक्निकल काही नाही, दोर लागत नाही, हात टेकावे लागत नाहीत, फक्त गुडघे मजबूत पाहिजेत.

कुठून कुठे चालावं, सीफर्डहून की ईस्टबोर्नहून?

सीफर्डहून. एक तर इथे वारा बहुतेक वेळा पश्चिमेकडून येतो म्हणजे पाठीवर राहतो, आणि या कड्यांवर वारा तोंडावर घेऊन २२ किलोमीटर चालणं म्हणजे दिवसभर कोणीतरी छातीवर हात ठेवून ढकलतंय असं वाटतं. दुसरं म्हणजे ईस्टबोर्न मोठं गाव आहे, संध्याकाळी खायला मिळतं, ट्रेन जास्त. तिसरं वर सांगितलंच, नजारा समोर राहतो.

ट्रेनचं कसं?

लंडन व्हिक्टोरियावरून लुइसला जायचं (स्पेलिंग बघून लेव्हेस म्हणू नका), तिथे बदलून सीफर्डची छोटी लाइन. सगळं मिळून दीड तास किंवा थोडं जास्त. येताना ईस्टबोर्नहून थेट व्हिक्टोरिया, तोही दीड तासाच्या आसपास. तीन ते नऊ जण एकत्र असाल तर ग्रुपसेव्ह मागा, ऑफ-पीकला एक तृतीयांश सूट मिळते आणि त्यासाठी कुठलं कार्ड लागत नाही, आम्ही पहिली दोन वर्षं हे माहीत नसल्याने पूर्ण पैसे भरले. जाताना एक स्टेशन, येताना दुसरं, त्यामुळे तिकीट घेतानाच दोन्ही स्टेशनांना चालेल असं विचारून घ्या. रविवारी रुळांची कामं काढतात आणि ट्रेनच्या जागी बस सोडतात, ते आदल्या रात्री बघाच, कारण बसने तो प्रवास केला की चालायचा मूड लुइसलाच संपतो.

सकाळी नऊ-साडेनऊला सीफर्डला उतरायचं, हा नियम. "दहाला व्हिक्टोरियावर भेटू" म्हणणाऱ्या मित्रांना साडेसात सांगा.

सुरुवातीला काय काय दिसतं?

स्टेशनवरून दहा मिनिटांत समुद्र. किनारा वाळूचा नाही, सगळा गोट्यांचा, लाट मागे गेली की खळखळ आवाज येतो तो ऐकत डावीकडे वळायचं. मार्टेलो टॉवर नावाचा एक गोल बुरूज लागतो, नेपोलियन येईल या भीतीने या किनाऱ्यावर असे बरेच बांधले होते, नेपोलियन काही आला नाही, आता त्यात म्युझियम आहे. पुढे रस्ता संपतो तिथे स्प्लॅश पॉइंट, तिथल्या कड्यावर उन्हाळ्यात किटिवेक पक्ष्यांची वसाहत असते, आवाज आधी येतो, वास नंतर. मग सीफर्ड हेडचा चढ, गोल्फ कोर्सच्या कडेने. पलीकडे उतरायला लागलं की एकदम समोर सगळ्या बहिणी उभ्या. इथे प्रत्येक जण गप्प होतो, सगळ्यात बडबड्यासुद्धा. खाली कोस्टगार्डची जुनी कॉटेजेस आहेत, ती आणि मागे कडे, हाच तो फोटो.

तिथून नदी पार करून सरळ जाता येत नाही का? मॅपवर तर बहीण अगदी समोर दिसते.

दिसते. आणि दर वर्षी कोणीतरी बूट हातात घेऊन उभं असतं. ककमियर नदी तिथे समुद्राला मिळते, मुखाशी पूल नाही. ओहोटीला पाणी गुडघ्याएवढं वाटतं आणि काही लोक जातातही, पण तळ गोट्यांचा, प्रवाह जोरात आणि भरती सुरू झाली की गणित बदलतं. आम्ही नाही जात. नदीच्या काठाने आत एक्सीटच्या पुलापर्यंत जायचं आणि पलीकडच्या काठाने परत यायचं, साडेतीन-चार किलोमीटर जास्त पडतात, सपाट आहेत, कटकट करू नका.

हा वळसा मला तर आवडतो. नदीची ती प्रसिद्ध नागमोडी वळणं इथेच आहेत, फक्त ती आता खरी नदी नाही, एकोणिसाव्या शतकात पाणी सरळ काढून नेण्यासाठी बाजूने कालवा खणला, वळणं तशीच राहिली. बगळे दिसतात. पुलाशी एक पब आहे, पलीकडे व्हिजिटर सेंटर आणि टॉयलेट. एक्सीट नावाचं गावही होतं मध्ययुगात, चौदाव्या शतकातल्या प्लेगच्या साथीनंतर उजाड झालं, आता टेकडीवर चर्चच्या जागी एक दगड तेवढा आहे. खाली समुद्राजवळ दुसऱ्या महायुद्धातले काँक्रीटचे मोर्चे दिसतील, जर्मन इथून उतरतील अशी धास्ती होती. म्हणजे आधी नेपोलियन, मग हिटलर, आणि शेवटी उतरलो कोण, तर दशम्यांचे डबे घेऊन आपण.

कड्याच्या टोकापर्यंत जाता येतं का? कुंपण आहे?

कुंपण जवळजवळ कुठेच नाही. म्हणून हे सगळ्यात लक्ष देऊन वाचा, बाकीचं सगळं विसरलात तरी चालेल.

आपल्याला किल्ल्यांची सवय. राजगडाच्या बालेकिल्ल्यावर टोकाला बसून पाय खाली सोडून भेळ खाल्लेली असते, आणि आपल्याला वाटतं की भीती वाटत नाही म्हणजे धोका नाही. पण तिथे खाली काळा बेसॉल्ट आहे. इथे खाली खडू आहे. अक्षरशः खडू, बोट घासलं तर पांढरं होतं. समुद्र पायथ्याला पोखरत असतो, वरून पाऊस भेगांत मुरत असतो, हिवाळ्यात ते पाणी गोठून भेगा रुंदावतं, आणि वर मात्र छान हिरवं कापलेलं गवत. तुम्ही ज्यावर उभे असता त्याच्या खाली काही आहे की नुसती हवा आहे हे वरून कळत नाही. सीफर्डच्या बाजूने येताना मुद्दाम मान वळवून मागच्या कड्याकडे बघा, काही ठिकाणी गवताची कड छज्जासारखी बाहेर आलेली दिसते. त्यावर थोड्या वेळापूर्वी कोणीतरी सेल्फी काढत होतं.

हे कडे सरासरी वर्षाला फूटभर मागे सरकतात असं म्हणतात, पण सरासरी फसवी असते. दहा वर्षं काही होत नाही आणि मग एका दुपारी हजारो टन एकदम खाली. बीची हेडला डेव्हिल्स चिमनी नावाचा एक सुळका होता, खडूचाच, २००१ साली एका हिवाळ्याच्या पावसानंतर कोसळला. कोरड्या उन्हाळ्यातही पडतात, त्यामुळे "आज तर ऊन आहे" हे कारण चालत नाही.

आमचा नियम: कडेपासून पाच मीटर, म्हणजे सात-आठ पावलं. गवतात भेग दिसली तर भेगेच्या या बाजूला पाच मीटर. वारा असेल तर अजून लांब. आणि ग्रुपमध्ये एक जण "आई" असतो, म्हणजे ज्याने ओरडलं की निमूट मागे यायचं, मस्करी नाही, उलट उत्तर नाही. एका वर्षी आमच्यातल्या एकाने "काय होतं रे" म्हणत दोन पावलं पुढे टाकली, काही झालं नाही, पण त्यानंतर दोन किलोमीटर कोणी कोणाशी बोललं नाही. मी तेव्हा आई होतो. मला अजून आठवतं माझा आवाज कसा फाटला होता.

मग फोटो कसे काढायचे?

लांबून. कड्यावर उभं राहून काढलेला फोटो तसाही वाईट येतो, गवत आणि आभाळ. २०१७ साली एका विद्यार्थिनीने फोटोसाठी कडेला उडी मारली आणि ती खाली गेली, फोटोची हौस होती, बाकी काही नाही. चांगले फोटो तीन जागांवरून: सीफर्डच्या बाजूची कॉटेजेस, खालचा ककमियर हेवनचा, म्हणजे नदीच्या मुखाचा किनारा, आणि बहिणी संपतात तिथे बर्लिंग गॅपला खाली बीचवरून पश्चिमेकडे. ड्रोनबद्दल विचारू नका, गुरं-मेंढ्या आणि पक्षी असतात, नका आणू.

हा खडू म्हणजे फळ्यावर लिहायचा तोच?

नातं आहेच. साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी इथे उबदार समुद्र होता, त्यात डोळ्यांना न दिसणारी शेवाळं तरंगायची, त्यांची चुन्याची इवली इवली कवचं मेल्यावर तळाशी साचत गेली, लाखो वर्षं, त्याचा हा थर. मध्ये मध्ये काळ्या गारगोट्यांच्या आडव्या रेषा दिसतात तो फ्लिंट, अश्मयुगातल्या माणसाची हत्यारं याचीच. मला यात सगळ्यात भारी वाटतं ते हे की आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, म्हणजे हा बोटाने खरवडला जाणारा मऊ पांढरा दगड आपल्या त्या कातळापेक्षा वयाने मोठा आहे. दिसण्यावरून वाटत नाही.

बर्लिंग गॅपला काय आहे? जेवायला तिथेच थांबायचं का?

बहिणी संपल्या की खाली उतरून लागतं ते बर्लिंग गॅप. नॅशनल ट्रस्ट या संस्थेकडे आहे. कॅफे, टॉयलेट, पार्किंग, आणि बीचवर उतरायला लोखंडी जिना. गर्दी असते, कारण गाडीवाले सगळे इथेच येतात आणि आपण चिखलाने माखलेले आणि ते आइस्क्रीम खात असलेले, जरा अपमान वाटतो.

इथे कोस्टगार्डच्या लोकांसाठी बांधलेल्या घरांची एक ओळ होती, समुद्र जवळ येत गेला तशी टोकाची घरं एकेक करून पाडावी लागली. २०१३-१४ च्या हिवाळ्यात अशी वादळं झाली की काही वर्षांत झिजायचं तेवढं दोन महिन्यांत गेलं. त्यामुळे कॅफे, जिना, काहीही कायमचं समजू नका, निघायच्या आदल्या दिवशी काय उघडं आहे ते बघून घ्या. जिना कधीकधी बंद असतो.

बीचवर उतरलात तर कड्याच्या पायथ्याशी टेकून बसू नका, वरून दगड पडतात. आणि "खालून बीचनेच जाऊ की परत" हा विचार मनातून काढा, भरती आली की पाणी कड्याला लागतं आणि वर यायला मध्ये वाट नाही.

डबा काय न्यावा?

आमच्याकडे दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी, कोणी धपाटे, कोणी उकडलेले बटाटे तिखटमीठ लावून. राजगिऱ्याचे लाडू वाऱ्यात उडून जातात, चिक्की बरी. चिवडा आणू नका, म्हणजे आणा, पण उघड्यावर खाताना निम्मा फ्रान्सला जातो. दही नको. थर्मासमधला चहा प्रत्येकाने आपापला, कारण "मी आणतो सगळ्यांसाठी" म्हणणारा तिसऱ्या बहिणीवर सॅक दुसऱ्याच्या गळ्यात घालतो.

पाणी माणशी दोन लिटर. सावली कुठेच नाही, झाड म्हणून दिसत नाही, आणि वारा असल्यामुळे ऊन लागतंय हे कळत नाही. इंग्लंडच्या उन्हाने काय होतंय म्हणणाऱ्या आमच्या एका मुंबईकराच्या कानांची सालं निघाली होती. सनस्क्रीन, टोपी, टोपीला दोरी.

टॉयलेट?

सीफर्डला किनाऱ्यावर, एक्सीटला, बर्लिंग गॅपला, मग ईस्टबोर्न. बीची हेडच्या पबमध्ये काही घेतलंत तर तिथेही. मधे आडोसा शून्य. मैत्रिणींनो, प्रत्येक ठिकाणी जाऊनच या, लागलेली असो नसो.

बूट कुठले?

ग्रिप असलेले. कोरड्या दिवशी चांगले रनिंग शूज चालतात, पाऊस पडून गेला असेल तर ट्रेकिंगचेच. ओला खडू म्हणजे शेवाळलेली फरशी. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आणि दहा वर्षं कपाटात ठेवलेले जुनेही नको, आमच्यातल्या एकाचा तळवा सहाव्या बहिणीवर पूर्ण सुटला, ओढणीने बांधून बर्लिंग गॅप गाठलं. विंडचीटर जूनमध्येही. छत्री आणणाऱ्याला आम्ही ओळखत नाही.

दोन दीपगृहं का आहेत?

आधी वरचं, बेल टूट, १८३० च्या दशकातलं. कड्यावर बांधलं म्हणजे लांबून दिसेल अशी कल्पना, पण धुकं आलं की दिवा ढगात, जहाजांना काही दिसेना. मग १९०२ मध्ये खाली समुद्रात, कड्याच्या पायथ्याशी बीची हेडचं नवीन उभं केलं, लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं, ४३ मीटर उंच. वरून ते खेळण्यासारखं दिसतं. त्याचे पट्टे फिके पडले तेव्हा चालवणाऱ्यांनी आता रंगवणार नाही म्हणून सांगितलं, तर लोकांनी चक्क वर्गणी काढून २०१३ मध्ये रंगवून घेतलं. गणपती मंडळाची आठवण आली ना?

बेल टूटची कथा अजून भारी. कडा इतका जवळ आला की इमारत पडणार असं झालं, तेव्हा १९९९ च्या मार्चमध्ये अख्खं दीपगृह खालून जॅक लावून उचललं आणि रुळांवरून १७ मीटर आत सरकवलं. अख्खं. साडेआठशे टन. आता तिथे राहायची सोय आहे, बी अँड बी. खाली पाया असा ठेवलाय की वेळ आली तर परत सरकवता येईल.

बीची हेड म्हणजे बीच आहे का?

नाही हो. जुन्या फ्रेंच शब्दांचा अपभ्रंश, अर्थ "सुंदर माथा". ब्रिटनमधला सगळ्यात उंच खडूचा समुद्रकडा. मार्क्सचा साथीदार एंगल्स, त्याची रक्षा याच समोरच्या समुद्रात सोडली होती, १८९५ साली, आमच्या ग्रुपमधले एक कॉम्रेड तिथे दोन मिनिटं उभे राहतात, आम्ही तेवढ्यात चिक्की संपवतो.

वर छोटे क्रॉस, फुलं दिसतील. ही जागा काही लोकांच्या आयुष्याचा शेवट झालेली जागा आहे, तिथे स्वयंसेवक गस्त घालतात. हसणं-खिदळणं जरा कमी करा एवढंच. आणि कोणी एकटं, अस्वस्थ बसलेलं वाटलं तर "बरे आहात ना" एवढं विचारायला लाजू नका, शंका आली तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा.

कधी जावं?

मे ते सप्टेंबर. मे-जूनमध्ये गवतात रानफुलं, डोक्यावर चंडोल गात असतात आणि उजेड रात्री नऊपर्यंत. जुलैत निळी फुलपाखरं. ऑगस्टचा वीकेंड म्हणजे एक्सीट ते बर्लिंग गॅप जत्रा. डिसेंबरमध्ये चारला अंधार पडतो, तेव्हा पूर्ण वॉक नका करू. धुक्याचा अंदाज असेल तर सरळ पुढे ढकला, ताशी ४० मैलांच्या वर वारा सांगितला असेल तरीही. तिकीट वाया जातं, जाऊ दे.

आईबाबा आलेत, त्यांना नेऊ का? आणि मुलं?

पूर्ण वॉकला नको. त्यांना एक्सीटहून ककमियर हेवनपर्यंत न्या, सपाट पक्की वाट आहे, बाबागाडीही जाते, समुद्रापर्यंत जाऊन या आणि मग बसने ईस्टबोर्न. माझे बाबा ७१ व्या वर्षी हेवन ब्राऊवर चढले, वर बसून म्हणाले "एक झाली, बाकी सहा तुमच्या", आणि उतरून पबमध्ये जाऊन बसले. मुलं दहाच्या पुढची असतील तर एक्सीट ते बर्लिंग गॅप जमतं, पण हात धरून, आणि माझ्यासारखं सतत घशाला कोरड पडायची तयारी ठेवून.

मध्येच कोणाचा गुडघा बोलला तर?

बर्लिंग गॅप हीच सोडायची जागा. उन्हाळ्यात आणि वीकेंडला तिथून बस असते, ती बीची हेडवरून ईस्टबोर्नला जाते. नसेल तर ईस्ट डीन गावापर्यंत दोनेक किलोमीटर चालून मेन रोडवर १२ नंबरची बस पकडायची, ती सीफर्ड-एक्सीट-ईस्टबोर्न अशी नियमित असते. एकट्याला पाठवायचं नाही, कोणीतरी सोबत जायचं. ज्या वर्षी मी अर्धवट सोडलं त्या वर्षी जिच्यासोबत बसने गेलो तिच्याशी त्या आधी धड चार वाक्यं बोललो नव्हतो, ईस्टबोर्नच्या बाकावर फिश अँड चिप्स खात दोन तास काढले आणि बाकीचे हाशहुश करत आले तेव्हा आम्हीच फ्रेश.

फोनला रेंज असते?

कधी असते कधी नसते, आणि कड्यांवर फोन पलीकडचं फ्रेंच नेटवर्क पकडू शकतो, मग घड्याळ एक तास पुढे जातं आणि कोणीतरी "ट्रेन सुटली!" म्हणून किंचाळतं. रोमिंग बंद ठेवा. मॅप आधी डाउनलोड करा, तसा रस्ता चुकण्यासारखा नाहीये, समुद्र उजवीकडे ठेवायचा.

किती जण असावेत?

पाच-सहा. बारा जण घेऊन गेलो होतो एकदा, तो वॉक नव्हता, वरात होती. सगळ्यात हळू चालणारा पुढे, त्याच्या वेगाने सगळे. हे ठरलेलं नसेल तर पुढचे चहा पिऊन उठतात तेव्हा मागचे पोचतात आणि त्यांना बसायलाच मिळत नाही.

कोकणात असं काही आहे का?

हरिहरेश्वरची प्रदक्षिणेची वाट घ्या, कातळ, लाटांनी कोरलेली भोकं, खाली समुद्र. छोटी आहे, तासाभराची, पण तिथेही तोच नियम: भरतीच्या वेळी आणि पावसाळ्यात उतरायचं नाही, स्थानिक लोक नको म्हणाले तर नको.

शेवटचा टप्पा कसा आहे?

बीची हेडवरून ईस्टबोर्न दिसतं आणि वाटतं झालं. नाही झालं. तीव्र गवती उतार, खाली एक किऑस्क (उघडा असला तर चहा घ्या, त्या चहाची चव दुसऱ्या कुठल्या चहाला नाही), मग समुद्राकाठच्या रस्त्याने १८७० सालच्या त्या पिअरच्या दिशेने आणि मध्ये आत वळून स्टेशन, अजून अडीच-तीन किलोमीटर डांबरी. सगळ्यांचे पाय इथेच जातात. ट्रेनच्या आधी तासभर हाताशी ठेवा.

बुटांना लागलेला तो पांढरा चिखल निघतो का?

ओला असताना पुसू नका, पसरतो. घराबाहेर ठेवा, पूर्ण वाळू द्या, दुसऱ्या दिवशी एकमेकांवर आपटा, निम्मा पावडर होऊन पडतो, उरलेला जुन्या टूथब्रशने. काळ्या जीन्सवरचा मात्र दोन धुण्यांनी जातो. माझ्या सॅकच्या तळाला मागच्या जूनचा अजून आहे.